उखाच्या फेट्याचा कागद

तापीकाठच्या प्रकाशा गावात मी दस्त लिहायचो. थापाड्या म्हणून तालुक्यात माझं नाव आहे, आणि तापीतल्या मगरीवर बसून पैलतीर गाठला होता हे मी आजही मागं घेत नाही. पण ही गोष्ट तसली नाही. हिच्यात वाढवायला जागाच नाही.

सन त्रेचाळीस. लढाईमुळं कागद मिळेना. गावात तो एकाच घरी होता, उखाच्या विधवेच्या, धनुबाईच्या. तिचं माहेर एरंडोलचं, कागद करणाऱ्यांच्या गल्लीलगत. बघून बघून शिकलेली. चिंध्या आठ दिवस चुन्याच्या पाण्यात भिजवायच्या, तापीत धुवायच्या, पायानं ढेकीवर कुटायच्या. लगदा हौदात ढवळून गवताच्या काड्यांच्या चाळणीवर ताव उचलायचा, भिंतीला डकवायचा, वाळला की गव्हाची खळ लावून दगडानं घोटायचा. दोघांनी दोन टोकांना ओढला तरी तो फाटत नसे. मी ओढून पाहिलाय.

त्या घराण्याची रीत अशी, की माणूस गेला की दहाव्याला त्याचाच फेटा पंचांसमोर वारसाच्या डोक्याला बांधायचा. उखाला मूलबाळ नव्हतं. धाकटा भाऊ रूपचंद डोकं पुढं करून बसला. धनुबाई फेटा आणायला आत गेली ती रिकाम्या हातानं बाहेर आली.

फेटा चुन्यात होता.

पंच उठून उभे राहिले. ती रूपचंदला एवढंच म्हणाली,

“तुन्हा डोकाले तो मोठा व्हई, भाऊ.”

भांडण खरं तापीकाठच्या शेताचं होतं. तिनं हक्क सोडून माहेरी जावं, असं रूपचंदचं म्हणणं. सोडत नाही, हे तिचं. भावकीनं तिच्याशी बोलणं टाकलं. ती ढेकी कुटत राहिली, आणि तो धप् धप् आवाज सगळ्या गल्लीला ऐकावा लागला.

एका दुपारी रूपचंदनं मला घरी बोलावलं. समोर एक ताव ठेवला, धनुबाईच्या भिंतीवरून उचलून आणलेला. त्याला किंचित गुलाबी झाक होती. उखाचा फेटा लाल होता, हे मला आठवलं. रूपचंदला आठवलं नसावं. तिच्या नावानं हक्कसोड लिहा म्हणाला. अंगठा कुणाचा, मी विचारलं. त्यानं बायकोला, कौसाबाईला, हाक मारली आणि मला म्हणाला,

“अंगठाले का तोंड राहस, आप्पा?”

मी लिहिलं. का, ते विचारू नका.

कौसाबाईनं शाईचा अंगठा टेकवला. ठसा उमटला तो रुंद, पुरुषी, मधून तिरकी चीर गेलेला. मी हजारो अंगठे घेतलेत. इळ्यानं कापलेला उखाचा अंगठा तर मी दहा कागदांवर घेतला होता.

शाई पसरली, मी म्हणालो. मग तिचा बारीक अंगठा मी स्वतः धरून दाबला.

पुन्हा तोच ठसा.

माझा तळहात तावावर टेकला होता. ताव कोमट होता. घामट होता, डोक्यावरून आत्ताच उतरवलेल्या कापडासारखा.

रूपचंदनं ताव ओढून घेतला आणि फाडायला लागला. खांबाला पाय लावून ओढला. त्याच्या बोटांतून रक्त आलं. कागदाला सुरकुतीही पडली नाही.

दारात धनुबाई उभी होती. कोपरापर्यंत चुना. आपला ताव शोधत आलेली. तिनं ते दोन ठसे पाहिले, आणि दिराला कधी न दबलेल्या त्या बाईनं हळूच डोक्यावर पदर घेतला.

मग रूपचंदकडे बघून म्हणाली,

“लाव आखो. मन्हा कागद फाटाव नही.”

त्यानं बायकोचं मनगट धरून तिसऱ्यांदा अंगठा दाबला.

काहीच उमटलं नाही.

मी घासलेट मागवलं, कौसाबाईच्या अंगठ्यावरची शाई पुसली. खाली एक रेघ नव्हती. घोटून काढल्यासारखा अंगठा.

धनुबाई ताव घेऊन गेली. शेताचा विषय रूपचंदनं पुन्हा काढला नाही. ती पुढं अकरा वर्षं त्या शेतात कापूस पिकवत होती.

त्याच वर्षी पोळ्याला मी रूपचंदकडे गेलो होतो. पुरणपोळीचं ताट झालं. त्यानं नुकताच घासलेला पितळी तांब्या पाचही बोटांनी घट्ट धरून माझ्या हातात दिला. पाणी पिऊन मी तो उजेडात फिरवला.

तांब्यावर फक्त माझ्याच बोटांचे ठसे होते.