आमच्या घराचा कप्पा

ट्रिंग...

एकदाच. मग पुन्हा शांतता.

माझी लेक नायरा झोपली आहे, तेवढ्यात लिहून घेते. यातलं काहीही मी रचलेलं नाही. अजूनही दुपार झाली की माझी नजर त्या फोनकडे जाते.

ओरुरो शहराच्या पलीकडे, पठारावरचं आमचं गाव. गेल्या मृतांच्या सणाची गोष्ट. आमच्याकडे गेलेली माणसं त्या दिवशी भर दुपारी घरी येतात आणि दुसऱ्या दुपारी परत जातात.

माझा नवरा रेमिहिओ टेकडीवरच्या टेलिफोन केंद्रात कामाला होता. एकाच तारेतून तीस जणांचं बोलणं जातं, प्रत्येकाला आपापला कप्पा, असं तो सांगायचा. कुठला कप्पा कुठल्या घराला जोडायचा, हे त्याचं काम. तपासायला तो आमचाच कप्पा उलटा फिरवायचा. मग आपण बोललेलं आपल्याच कानात परत यायचं.

"ऐक, माझ्याशी किती गोड बोलतेस ते," असं चिडवायचा.

सणाच्या काही महिने आधी, एके दिवशी त्याने वरून फोन केला. त्याला नायराशी बोलायचं होतं. ती न्हाणीत होती.

"थांब हं, तिला बोलावते," मी म्हटलं.

ती साबण लागलेल्या अंगाने धावत आली. तोवर...

फोन मुका झाला होता.

टेकडीवर वीज पडली होती. त्यातच तो गेला.

पुढे आमचा कप्पा दवाखान्याला दिला गेला. फोर्तुनातोंनीच ती जोडणी बदलली. केंद्रातले रेमिहिओचे सोबती, नायराचे धर्मपिता, म्हणून मला 'कोमाद्रे' म्हणायचे. मुका फोन मात्र मी काढू दिला नाही. नायरा रोज उचलून कानाला लावायची.

सणाला मी रेमिहिओसाठी मेज मांडलं. बाळाच्या आकाराचे पाव, त्याच्या आवडीचं चुन्योचं, गोठवून वाळवलेल्या बटाट्याचं सूप. फोर्तुनातो प्रार्थनेला आले. सूप चाखून म्हणाले, "कोमाद्रे, मीठ घाला थोडं. नाहीतर तो आल्या पावली परत जाईल."

मी हसले. कितीतरी दिवसांनी.

चर्चची बाराची घंटा थांबली. गल्लीतलं कुत्रंही गप्प झालं.

आणि फोन वाजला...

फोर्तुनातोंच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"ती जोडणी मी माझ्या हाताने काढलीय," ते हळूच म्हणाले. "या घराला कप्पाच नाही."

सण झाल्यावर ते टेकडीवर जाऊन बघूनही आले. जोडणी काढलेलीच होती.

पण त्या क्षणी मी फोन उचलला.

वाऱ्याची घरघर... मग एक आवाज.

माझाच.

"थांब हं, तिला बोलावते."

माझे ओठ मिटलेले होते. तरी त्या आवाजामागे न्हाणीतलं पाणी पडत होतं...

आणि त्याच्याही मागे, कुणीतरी वाट बघत श्वास घेत होतं.

नायराने माझी शाल ओढली. "मला दे."

मला द्यायचा नव्हता. दिला.

तिने दोन्ही हातांनी धरला. ऐकत राहिली. मान हलवली. मग फोनवर तळहात ठेवून, मोठ्या बाईसारखी, माझ्याकडे वळली.

"आई, बाबा विचारतायत... अजून किती वेळ थांबू?"