दाबलेला फुगा

हे बघ, मी सांगतोय ते तुला पटणार नाही, माहितीये. पण माझा पाय उशीवर बांधलेला आहे, तू उठून गेलास तर मी मागे येऊ शकत नाही. म्हणून बस. आणि तो दिवा राहू दे चालू.

काम साधं होतं. भरदुपारी जायचं, गुडघ्याचा एमआरआय काढायचा, घरी यायचं. फुटबॉल खेळताना पाय रुतला, मी वळलो आणि आतून ‘कट्’ असा आवाज आला. घरी सांगितलं तर ताई म्हणते, “ह्या वेळी पट्टीला लाल शाई लावायला विसरलास वाटतं!” बाबांनी तर मोबाइलमधून मानही वर केली नाही. बरं बाबा, परीक्षेला मी खोटी पट्टी बांधून गेलो होतो. मग काय, माझा पाय खरा दुखायचाच नाही? गुडघा भोपळ्याएवढा सुजला तेव्हा कुठे डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, “आतली गादी फाटलीय बहुतेक. पण किती आणि कुठे, ते फोटोत नीट दिसल्याशिवाय मी हात लावणार नाही. कडेला फाटली असेल तर शिवू. नाहीतर तेवढा तुकडा कापून काढावा लागेल.”

“कापला तर मला खेळता येईल?”

तर ते बाबांकडे बघून म्हणाले, “बघू.” गुडघा माझा, प्रश्न माझा, आणि उत्तर बाबांना! डोकं तिथूनच तापलं होतं.

एमआरआयची खोली तळघरात. बर्फासारखी गार. स्पिरिटचा वास, आणि त्याच्या खाली दुसरा एक वास, ओलं फडकं कोपऱ्यात विसरल्यासारखा. मशीनवाल्या दादाने मला आडवं केलं, गुडघा प्लॅस्टिकच्या साच्यात बसवला, बाजूने स्पंज ठासले, वरून पट्टे आवळले. पाय आत, डोकं बाहेर. कानावर हेडफोन. हातात रबराचा फुगा दिला, त्याची नळी भिंतीत गेलेली.

“त्रास झाला तर दाब, बाहेर बेल वाजते, मी येतो. उगाच हलू नकोस, फोटो बिघडतो.”

आता माझ्या हातात असली वस्तू दिल्यावर मी दाबणार नाही? तूच सांग. दाबला. दादा धावत आला. “काय झालं?”

“नाक खाजतंय.”

परत दाबला. परत आला. “आता काय?”

“खरंच येता का ते बघत होतो.”

दादा दार लावून काचेमागे जाऊन बसला.

मशीन सुरू झालं. पिंपात बसवून बाहेरून कोणी हातोडे मारावेत तसा आवाज. मधेच सगळं बंद व्हायचं, मग पुन्हा सुरू. अशाच एका शांततेत गुडघ्याला गार लागलं. म्हटलं, स्पंज सरकला. मग ते गार आवळायला लागलं. हळू... एकेक बोट ठेवत...

मी फुगा दाबला. कोणी येईना. दाबला, दाबला, दोन्ही हातांनी दाबला. “दादा... आत कोणीतरी आहे...” काचेमागे दादा चहा पीत होता. आणि हातोडे पुन्हा सुरू झाले.

बाहेर काढलं तेव्हा मी रडत होतो, आणि रडतोय म्हणून आणखी चिडलो होतो. दादा मात्र पडद्यावर बोट आपटत बाबांना सांगत होता, “बघा तुमच्या लेकाचे उद्योग! आत हात घातलाय. अख्खा फोटो वाया.”

फोटोत माझा गुडघा होता, आणि त्याच्याभोवती पाच बोटं. लांब, बारीक.

बाबा माझ्यावर खेकसले, “लाज वाटते का?”

“साच्यात स्पंज ठासलेत! माझी करंगळी तरी जाईल का?” मी ओरडलो. “आणि मी फुगा दाबत होतो! शंभरदा दाबला! कोणी का नाही आलं?”

दादाची नजर खाली गेली. “तो उगाच दाबत होता... म्हणून मी बेल बंद केली होती.”

“बंद केली?” बाबांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. “माझं पोर आत असताना?”

आणि बेल वाजली.

मी कुबड्यांवर, माझे दोन्ही हात तिथेच. दादाने बटणाकडे पाहिलं. बटण बंदच होतं. काचेपलीकडे रिकामा पलंग, आणि नळीला लोंबकळणारा फुगा. दाबला जात होता. सुटत होता. पुन्हा दाबला जात होता.

“जा ना कोणीतरी!” मी म्हणालो. “तुम्ही येतो म्हणाला होतात ना?”

कोणी हलेना. सगळे मेले मख्खासारखे उभे! मला भीती वाटली, पण राग जास्त आला. आत लोखंड चालत नाही, म्हणून कुबड्या फेकल्या आणि लंगडी घालत गेलो. फुगा धरला. गरम होता, घामाने ओला.

“आलोय,” मी म्हणालो.

बेल थांबली.

फोटो पुन्हा काढावाच लागला, नाहीतर शिवायचं की कापायचं ते कळणार कसं? ह्या वेळी बाबा आत बसले, माझ्या उशाशी. मी फुगा हातात घेतलाच नाही. आत साच्याजवळ ठेवून दिला. म्हटलं, ज्याला हवा त्याच्या हाताला लागू दे. काही आवळलं नाही, बेल वाजली नाही. फोटो लख्ख आला. गादी कडेलाच फाटलीय, शिवता येईल, मी खेळणार.

पण पलंग बाहेर आला तेव्हा फुगा माझ्या मुठीत होता. बाबा म्हणतात त्यांनी दिला नाही. आणि हे बघ, हाताच्या ह्या मागच्या बाजूला. चार नखं रुतलीयत ना? माझी मूठ कोणीतरी बाहेरून घट्ट मिटवलीय. ठेव, तुला लागेल, असं सांगावं तशी.

सकाळी ऑपरेशन आहे. मी नर्सबाईंना विचारलं, तिथे दाबायला फुगा देतात का?

त्या हसल्या. म्हणाल्या, “तिथे कशाला लागतोय?”