वडखळ नाक्यावरचा हॉर्न

बसा बाई, निवांत बसा. फाटक आत्ताच पडलंय. आधी मालगाडी जाईल, मग रोह्याची गाडी, तोवर काय उघडत नाय. पेपरांचा गठ्ठा मांडीवर कशाला, खाली ठेवा. इंजिन बंद करतो मी. दुपारच्या वेळेला कासूच्या या रस्त्याला कुत्रंसुद्धा फिरकत नाय. कसं गार लागतंय बघा... वालाच्या शेतांचा वास येतोय.

मघाशी म्हशी आडव्या आल्या तेव्हा तुम्ही विचारलंत, हॉर्न का नाय मारला. मारणार कसा? वायरच तोडून टाकली मी. गेल्या वर्षाची गोष्ट हाय. सांगतो, पण पुढं बघून सांगतो हां. माणसाच्या तोंडाकडं बघून सांगायला मला अजून जमत नाय.

या सहा सीटच्या मिनिडोर रिक्षाला मी ट्रकचा हॉर्न बसवला होता. लोक म्हणायचे, आदेशची गाडी पेणवरून सुटली की वडखळला कळतं. मला त्याचं भूषण! गर्दी दिसली की अंगठा हॉर्नवर. पुढचा हलो न हलो, आपण वाजवत राहायचं. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

माझी आई, गिरजाबाई, तेव्हा रोह्याजवळ वरशाला माझ्या बहिणीकडं होती, वैशालीकडं. छातीत दुखायचं तिच्या. त्या दिवशी मी डोलवीच्या कंपनीची शिफ्टची पोरं भरून निघालो आणि वडखळ नाक्यावर अडकलो. वर ऊन, खाली धूर, चारी बाजूंनी पोंपों. एवढ्यात मागून सायरन सुरू झाला. आता खरं सांगतो बाई, हल्ली कोणीपण सायरनचा हॉर्न बसवतो. मला वाटलं असंल कोण तरी टेम्पोवाला शायनिंग मारतोय. मी ईर्षेला पेटलो. त्यानं वाजवलं की मी वाजवायचो. मागं बसलेली पोरं हसत होती, "आदेशभाऊ, सोडू नका त्याला!" दहा मिनिटं तरी मी त्याला बाजू दिली नाय. आरशात बघायचं पण सुचलं नाय मेल्याला.

शेवटी कडेला जागा झाली आणि ती गाडी माझ्या खिडकीला घासून गेली. अँब्युलन्स. काचेतून वैशाली दिसली. आईचा पाय मांडीवर घेऊन तळवा चोळत होती. तिनं मला नाय बघितलं. खिशातला फोन काढला, तर तिचे सात कॉल येऊन गेलेले. त्या आवाजात मला एकपण ऐकू आला नव्हता.

पनवेलला पोचायच्या आधीच आई गेली. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी आणायला पायजे होती. दहाच.

घरी वैशाली सगळ्यांना सांगत होती, "एक मिनिडोरवाला पुढं होता, दादा. मुद्दाम वाजवत होता. त्याचं वाटोळं होईल." आणि माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. मी म्हणायचो, उद्या सांगू, उद्या सांगू... असे नऊ दिवस काढले.

दहाव्याला कुंडलिकेच्या काठावर पिंड ठेवले. सकाळचं धुकं नदीवर तसंच पसरलेलं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. ओल्या चिखलाचा आणि शिजलेल्या भाताचा वास. कावळे झाडावर बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ. हैबतरावकाका हात जोडून म्हणाले, "वैनी, तुझी गाय आम्ही सांभाळू." नाय आला. कोण म्हणालं, "तुझ्या नातवाचं, हर्षदचं लगीन वेळेवर लावू." नाय. तासभर सगळे तसेच उभे. मग वैशाली पुढं झाली. "आये, त्या मिनिडोरवाल्याचं नाव मी शोधून काढीन. मग तरी शिव गो..."

एक कावळा उतरला. पिंडाच्या हातभर अलीकडं थांबला आणि मान वाकडी करून माझ्याकडं बघत राहिला.

आईला काय पायजे ते मला कळलं. मी पुढं झालो, म्हटलं, "वैशाली, तो मिनिडोरवाला मी..."

आणि सगळ्यांचे हात कानांवर गेले. एकदम. भटजींचेपण. काका पुलाकडं तोंड करून ओरडले, "अरे कोण गाढव वाजवतोय रे!" पूल रिकामा होता, बाई. मला काहीच ऐकू आलं नाय. नदीचं पाणी तेवढं हळू वाजत होतं. मी बोलत राहिलो, सगळं बोललो, ओरडून बोललो... ते सगळे डोळे मिटून, कान दाबून उभे. मी थांबलो तसे हात खाली आले. वैशालीनं विचारलं, "काय म्हणत होतास, दादा?"

कावळा उडून गेला होता. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि क्रिया उरकली.

त्याच संध्याकाळी मी वायर तोडली. मग वैशालीला घरी गाठलं, स्वैपाकघरात. नाव काढलं की तिचे हात कानांवर. फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "गाडीत हायस काय रे? केवढा तो हॉर्न!" मी माजघरात बसलो होतो. शेवटी चिठ्ठी लिहिली. तिनं घडी उघडली, पहिली ओळ वाचली असंल... आणि कागद टाकून कान दाबले. आई अजून कुठं अडकली असंल, हा विचार मला जेवू देत नाय.

म्हणून ठरवलंय, दुसऱ्या कोणाकडून तरी तिला कळवायचं. तुम्ही शिकलेल्या हाव, वरशाच्या शाळेत जाणं-येणं हाय तुमचं. तेवढं सांगाल वैशालीला? माझ्या बहिणीला एवढंच सांगा, की तो मीच...

बाई?

अहो बाई, फाटक अजून पडलेलंच हाय. गाडी बंद हाय. चावी ही बघा माझ्या हातात. डोळे उघडा... कानांवरचे हात काढा आधी.

कुठपर्यंत ऐकलंत तुम्ही?