आमच्या खोलीखालचं धुणं

यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटं निघालं तर माझी कवळी आत्ताच्या आत्ता गळून पडो. आणि कवळी नवी आहे, बरं का.

भुतं रात्रीच येतात असं वाटतं ना तुम्हाला?

हे भर दुपारी घडलं. बुधवारी. बारा वाजून दहा मिनिटांनी.

तेव्हा मी शहराच्या नकाशांच्या ऑफिसात ट्रेसर होते. जुन्या, विरलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि रेघन् रेघ शाईनं उतरवायची. आम्ही नव्या वसाहतीत, तळमजल्यावर राहायचो. माझी छकुली सहा महिन्यांची. मी ऑफिसला गेले की मोठ्या जाऊबाई तिला सांभाळायच्या.

एक दिवस मोरीतल्या बादलीत भिजवलेले लंगोट गायब.

संध्याकाळी बघते तर परत बादलीत... धुतलेले. पिळून पिळून दोरखंड केलेले.

मला वाटलं, जाऊबाईंचा टोमणा.

"माझं धुणं पसंत नाही का हो तुम्हाला?"

"अगं, माझी कंबर वाकत नाही आणि मी तुझे लंगोट धुणार? डोकं ठिकाणावर आहे ना?"

कित्ती साळसूद चेहरा! दुसऱ्या दिवशी मी मोरीच्या कडीला दोरा बांधून गेले.

दोरा जसाच्या तसा... आणि आत लंगोट धुतलेले.

"दोरे बांधतेस? मी काय चोर आहे?" असं म्हणून जाऊबाईंनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्यांचं त्यांनाच राहवेना.

"दुपारी जमिनीखालून आवाज येतो गं. धप... धप... कुणी धुणं आपटतंय."

"वरच्या मजल्यावरचा असेल."

"वर कुठे आणि खाली कुठे, एवढं कळतं मला अजून!"

माझा विश्वास बसला नाही. बुधवारी मी सुट्टी टाकली. छकुली आतल्या खोलीत पाळण्यात झोपलेली. खोलीला दार एकच, स्वयंपाकघरात उघडणारं. आम्ही दोघी त्या दाराला पाठ लावून बसलो. माझा डोळा त्यांच्यावर, त्यांचा माझ्यावर.

बारा वाजून दहा मिनिटं.

धप...

धप...

पायाखालून.

जाऊबाई हलल्या नव्हत्या. मीही नाही.

मग आवाज थांबला. आतून येणारी पाळण्याची कुरकुरही थांबली.

आणि छकुली रडायला लागली.

आम्ही आत धावलो. पाळणा रिकामा!

छकुली खाली, उघड्या फरशीवर. दुपट्यात घट्ट गुंडाळलेली. अंघोळ घातलेली. केस ओले... मधोमध भांग पाडलेला. केसांना शेवाळाचा वास.

फरशी मात्र कोरडी ठणठणीत.

जाऊबाईंनी माझा हात असा धरला की बांगडी पिचली. आमचं भांडण तिथेच संपलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या रेकॉर्डवाल्या काकांकडून आमच्या भागाचा जुना नकाशा काढवला.

आमच्या खोलीच्या जागेवरून एक निळी रेघ जात होती. ओढा! आणि वळणावर पाच छोटे चौकोन. शेजारी बारीक अक्षरात... 'धुण्याचे दगड'.

मग नवा नकाशा उघडला. ज्याच्यावर वसाहत बांधायला परवानगी दिली, तो.

ओढा नाही. दगड नाहीत.

कोपऱ्यात ट्रेसरची सही... माझी.

मग आठवलं. साहेब म्हणाले होते, "ओढा बुजवलाय, मग रेघ कशाला?" मी मान डोलावली आणि ती सोडून दिली.

"काका, ओढा गेला कुठे?"

"पाइपात."

"आणि दगड?"

"ते कोण उचलतंय? तिथेच पुरले."

"आणि... धुणाऱ्या?"

काकांनी ड्रॉवर लावून टाकला.

त्या दुपारी कुणाला न विचारता मी नव्या नकाशावर निळी रेघ काढली. पाचही दगड काढले. घाईघाईत पाचवा वाकडाच आला.

त्यानंतर धप धप बंद. लंगोट माझे मलाच धुवावे लागले. तरी महिन्याभरात आम्ही ती खोली सोडली. पुढे साहेबांनी रेघ दोनदा खोडली. मी दोनदा परत काढली. तिथे दुसऱ्या कुणाचं लेकरू असणार ना!

एवढंच. सगळं खरं...

थांबा. कवळी हलतेय मेली.

बरं बाई, कबूल. एक गोष्ट पदरची घातली.

छकुली रडत होती म्हटलं ना? ती रडत नव्हती.

खिदळत होती. तेच ऐकून आम्ही धावलो.

दुपट्यातून दोन्ही हात तिनं बाहेर काढले होते... आणि फरशीकडे पसरले होते. ओळखीच्या माणसानं उचलून घ्यावं म्हणून लेकरं पसरतात ना...

तसे.