मनकर्णाबाईची अलाबला

ही घटना खरी आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. जिच्यासोबत हे घडलं ती जयमाला माझी मावसबहीण आहे, आणि थापा मारणं तिच्या स्वभावात नाही.

भुतंखेतं रात्री निघतात म्हणे.

हे भर दुपारी घडलं.

दिवाळी होऊन गेली होती. दुसरबीडच्या शिवारात कापसाची वेचणी चालली होती. अळी लागत नाही म्हणून घेतलेल्या बीटी कापसाच्या बोंडातसुद्धा गुलाबी अळी निघाली, त्या घाणेरड्या वर्षाला तोवर दोन हिवाळे उलटले होते.

जयमाला मेंदूवर संशोधन करते. म्हातारपणी माणूस काय विसरतो, आणि ज्या आठवणीला माया, भीती किंवा किळस चिकटलेली असते ती जास्त टिकते का, हा तिचा विषय. त्यासाठी ती गावोगाव हिंडून म्हाताऱ्यांना छोट्या बाटल्या हुंगायला द्यायची. लवंग, रॉकेल, साबण, ओली माती. वास घेतल्यावर काय आठवतं ते विचारायचं. एका बाटलीत मात्र मुद्दाम नुसतं पाणी. नसलेला वास कोणी सांगतं का, ते पाहायला. गावातले लोक तिला ‘मेंदूवाली मॅडम’ म्हणून चिडवायचे.

तिचं म्हणणं होतं की वय वाढलं की किळस आधी बोथट होते. माया शेवटपर्यंत राहते.

तसं म्हणायला तिला घरातच कारण होतं. तिची आई, म्हणजे माझी कोकिळामावशी, लोणारला असते. मावशी सगळं विसरत चालली होती. घरचा रस्ता, जेवण झालं की नाही, पोटच्या लेकीचा चेहरासुद्धा. पण जयमालानं डोकं पुढे केलं की मावशी तिचा भांग हुंगायची आणि खुदकन हसून म्हणायची, “जया आली.”

एवढंच उरलं होतं. जयमालाला तेवढं पुरत होतं.

तर त्या दुपारी ती दुसरबीडच्या एका शेतकऱ्याच्या, पंजाबरावांच्या घरी गेली. त्यांची आई, मनकर्णाबाई, ओसरीवर बसली होती. सख्ख्या मुलाला ती “तुमी कोन्या गावचे हो?” असं विचारायची. दोन्ही तळहात लुगड्यावर सारखी घासत होती. घासून घासून सालटी निघाली होती.

लवंग झाली. रॉकेल झालं. म्हातारी ढिम्म.

मग पाण्याची बाटली.

मनकर्णाबाईनं ती नाकाशी नेली... थबकली...

आणि भडाभडा ओकली.

“झाका हे! सडून राह्यली थे!” ती किंचाळली. “म्या हात घातला कापसात... केस आले हातात... केसासंगं कातडं आलं वो माय! तोंडातून अळ्या निंघून राह्यल्या... गुलाबी...”

जयमालानं बाटली हुंगली. पाणी. नुसतं पाणी.

ओकारीनं म्हातारीचं लुगडं भिजलं होतं आणि तरी हात घासणं थांबत नव्हतं. जयमालाला तिच्यात आपली आई दिसली. आणि मग तिच्या हातून ती गोष्ट झाली.

आपल्याकडे बायका लेकरांची अलाबला घेतात, ठाऊक आहे ना? लेकराच्या गालांवरून हात फिरवायचे आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडायची. तुझी इडापिडा माझ्यावर येवो. बोटं जेवढी वाजतील तेवढी माया. पण हे मोठ्यांनी लहानांचं करायचं. लहानांनी मोठ्यांचं कुणी करत नाही.

जयमालानं केलं. मनकर्णाबाईच्या गालांवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर टेकवले.

कड... कड... कड... सगळी बोटं वाजली.

म्हातारी एकदम गप्प झाली. हात थांबले. तिनं मान वर करून मुलाकडे पाहिलं.

“पंजाब, लेकराले पानी तं दे. उभाच काऊन हाये बे?”

पंजाबराव ढसाढसा रडायला लागले. आईच्या तोंडी आपलं नाव आलं म्हणून.

जयमालालाही आनंद झाला. ती काही बोलणार, तेवढ्यात जिभेवर काहीतरी लागलं. कापसाचा तंतू. तिनं तो काढला. आणखी एक आला.

मग वास आला...

ओल्या कापसाचा. आणि त्याच्याखाली दुसरा, गोडसर, घशाला चिकटणारा. उजव्या तळहाताला गार, बुळबुळीत असं काहीतरी लागत होतं. तिनं हात झटकला. हातात काहीच नव्हतं.

पंजाबराव तिला एस.टी.च्या थांब्यापर्यंत सोडायला आले. वाटेत तिनं विचारलं, “तुमच्या आईनं कापसात नक्की काय पाहिलं होतं?”

“आईनं?” पंजाबराव थांबले. “आईनं काईच नाई पाह्यलं, मॅडम. आई तवा दवाखान्यात होती. हात म्या घातला होता.”

मग त्यांनी सांगितलं. अळीच्या वर्षी व्यापारी नाक मुरडून निघून गेला आणि कापूस मधल्या खोलीत आढ्यापर्यंत तसाच पडून राहिला. वेचायला येणारी आशाबाई एका दुपारी त्या गंजीवर जरा आडवी झाली असावी. गंजी खचली आणि ती आत गाडली गेली. घरी तिचं भांडण झालं होतं, म्हणून सगळ्यांना वाटलं, गेली उंद्रीला माहेरी. पुढे वास सुटला. तेव्हाही कोणाला काही वाटलं नाही.

“कापूस ओला झाला, अळ्या मरून राह्यल्या, असंच वाटलं आमाले. वास दबावा म्हनून वरून आनखी कापूस टाकला जी.” पंजाबराव खाली बघत राहिले. “थे सापडल्यावर मले घास जाये ना. आईनं माह्यी अलाबला घेतली. तवापासून मले थे आठवते, पन... किळस येत नाई. अन् आई अशी झाली.”

जयमाला एवढी शिकलेली बाई, असल्या गोष्टींवर कशाला विश्वास ठेवेल? पण गाडीत तिला दोनदा खिडकीतून ओकावं लागलं. शेजारची बाई तर त्याआधीच नाकाला पदर लावून उठून गेली होती.

ती बाई का उठली, हे जयमालाला आजही कळलेलं नाही. वास तर फक्त तिलाच येत होता ना?

लोणारला पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. तिनं मनाशी एकच ठरवलं होतं. आईच्या जवळ जायचं नाही. विश्वास नसला तरी नाही. ती तडक न्हाणीत शिरली. दाराची कडी केव्हाचीच तुटलेली, म्हणून दाराला बादली लावली. शिकेकाई घेऊन केस खसाखसा चोळायला लागली. फेस सडल्यासारखा वाटत होता. बोटांमध्ये केस आले की ते सुटून हातात येतील असं वाटायचं. ती तिथेच ओकायला लागली.

डोळे फेसानं मिटलेले.

बादली सरकल्याचा आवाज आला...

“आई, नको! आत येऊ नको!”

दोन खरखरीत तळहात तिच्या ओल्या गालांवरून फिरले. हळू. मायेनं. मावशीला लेकीचं नाव आठवत नव्हतं, पण कोणीतरी लेकरू ओकतंय एवढं कळलं होतं. तेवढं पुरे होतं.

कड... कड... कड... कड...

आणि वास गेला.

एका क्षणात. न्हाणीभर शिकेकाईचा छान वास दरवळला. जयमालानं डोळे पुसले.

समोर मावशी उभी होती. सवयीनं वाकली. लेकीचा भांग हुंगला.

जयमाला श्वास रोखून वाट पाहत होती. म्हण आई. जया आली, म्हण.

मावशीचं तोंड वेडंवाकडं झालं. ती भिंतीला पाठ लावून मागे सरकली. उजवा हात लुगड्यावर घासायला लागली.

“हिले कापसातून कोनं काहाडलं?” ती ओरडली. “शीऽऽ! झाका हिले! वरून कापूस टाका!”

मावशी पंजाबरावांच्या घरी कधीच गेलेली नाही. दुसरबीडमध्ये काय झालं ते तिला कोणी सांगितलेलंही नव्हतं.

तेव्हापासून मावशीला एवढंच आठवतं. दुसरं काही नाही. लेक दारात दिसली की ती ओकते. मनकर्णाबाई मात्र खणखणीत आहे म्हणे, नातवंडांची नावं धडाधड घेते.

जयमाला दर रविवारी लोणारला जाते. आई झोपली की तिच्या गालांवरून हात फिरवते आणि आपल्या कानशिलांवर बोटं दाबते. जीव लावून, रडत रडत दाबते. मी स्वतः पाहिलंय.

एकही बोट वाजत नाही.

परवा ती मला म्हणाली, “माझ्यावरून उतरलेलं मला परत घेता येत नसेल. तू पण तिचाच ना रे? लहानपणी तुला तिनंच वाढवलं. एकदा तू करून बघतोस?”

मी आत गेलो. मावशी झोपली होती. झोपेतही तिचा उजवा हात चादरीवर घासत होता. मी तिच्या गालांपर्यंत हात नेले...

खोलीत ओल्या कापसाचा वास येत होता.

मी हात मागे घेतले. बाहेर येऊन जयमालाला सांगितलं, माझीही वाजली नाहीत.