नकाशातली अर्धी गाडी

"आमच्या नकाशात गाडी अर्धीच आली आहे," फोनवरची बाई म्हणाली आणि रडायला लागली.

ठाण्यात दिवसभर नाना तऱ्हेचे फोन येतात. निरीक्षकबाई असले फोन दुसऱ्याच्या गळ्यात मारून मोकळ्या होत. पण अर्ध्या गाडीसाठी कुणी इतकं रडत नाही.

"गाडीचं राहू द्या," त्या म्हणाल्या. "घरातलं कोण हरवलंय?"

"अण्णा. माझे वडील. कालपासून घरी आले नाहीत." आवाज एकदम खाली गेला. "मी फोन केला हे घरात कुणाला सांगू नका. लवकर या."

निरीक्षकबाईंना ते मुळीच आवडलं नाही. घरच्याच माणसांना घाबरणारे लोक त्यांनी बरेच पाहिले होते, आणि त्यांतले फार थोडे विनाकारण घाबरलेले निघाले होते.

निरीक्षकबाई पोचल्या ती घरची कंपनी दोन खोल्यांची होती. अण्णांनी ती उभी केली तेव्हा कामं रस्त्यांची, मोऱ्यांची, छोट्या पुलांची. दारात स्वतःचा, दगडमाती उचलायचा लोडर असायचा. दोन्ही मुलं सायकलच्या आधी लोडर चालवायला शिकली. पुढे ती कामं बड्या कंपन्यांनी पळवली, लोडर विकावा लागला. मग धाकट्या मुलाने हट्ट करून ड्रोन आणला आणि कंपनी नकाशांच्या धंद्यात शिरली. हवेतून फोटो काढायचे, ते जोडायचे, जमिनीची उंचसखल मापं काढून द्यायची. ड्रोनच्या आवाजावरून धाकट्याला सगळे भुंगा म्हणत. फोटो जोडायचं काम थोरल्या मुलीचं, म्हणजे फोन करणाऱ्या बाईचं. तिला सगळे ताई म्हणत. तिचा नवरा गिऱ्हाइकं सांभाळायचा. तो सगळ्यांचा दाजी. अण्णा आता नुसते बरोबर जात आणि आपल्या टेपने सगळं पुन्हा मोजून बघत, कारण यंत्रांवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता.

ताईने दार लावून घेतलं आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"ही दगडाची खाण. दर महिन्याला आम्ही मोजतो. किती दगड काढला, आणि वरच्या घरांपासून अंतर किती राखलं." कड्यावर घरांची रांग दिसत होती. "एवढी पट्टी सोडायलाच हवी. नाहीतर घरं खाली येतील. हा कालचा नकाशा. आणि ही गाडी."

पत्र्याच्या शेडसमोर पांढऱ्या गाडीचं तोंड होतं. मागचा भाग नव्हताच. काकडी कापावी तशी ती मधोमध कापली गेली होती, आणि पुढे नुसती खडी.

"यंत्राची चूक?"

"हेही तसंच म्हणाले. पण अशी चूक होत नाही." ताईने तळव्यांचा घाम पुसला. "शेतात नांगर फिरतो तसा ड्रोन जातो, वळतो, परत येतो. मार्ग आधीच आखून दिलेला असतो. मग आम्ही फोटो ठिगळांसारखे जोडतो. थांबलेली वस्तू नीट येते. चालता माणूस पुसला जातो, कारण पुढच्या फोटोत तो तिथे नसतो. अर्धी गाडी म्हणजे एका फेरीला गाडी होती, आणि दुसऱ्या फेरीला…"

"नव्हती. कुणाची गाडी?"

"ह्यांची," ताई म्हणाली. "आणि हे म्हणतात, गाडी जागची हललीच नाही." आपण काय बोलून बसलो, हे तिला पुरतं कळत होतं.

दाजी एरवी बोलघेवडा माणूस. आज विचारलं तेवढंच बोलत होता.

"गाडी कुठे होती?"

"शेडसमोर. पोचलो तेव्हा तिथे, निघालो तेव्हा तिथेच."

"आणि मधे?"

"मधे मी शेडमध्ये. गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होतो, दोन्ही कानांत इयरफोनचे बोळे घालून."

"चावी?"

"गाडीलाच. काल खाण बंद होती. आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं."

"अण्णांशी भांडण कशावरून झालं?"

दाजीचा चेहरा उतरला. "कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. सासरा-जावई एका धंद्यात, म्हणून अंदाजाने विचारलं."

"ते म्हणाले, खाणीच्या मापात घोळ आहे, या नकाशावर सही करणार नाही. मी म्हणालो, तुमची टेप म्हातारी झाली." त्याने मान खाली घातली. "तसं बोलायला नको होतं."

भुंगा बाहेर पायरीवर बसला होता. त्याचे डोळे सुजले होते.

"अण्णांना शेवटचं कुणी पाहिलं?"

"मीच. ड्रोन वर चढवला, तेव्हा ते म्हणाले, कंटाळा आला, बसने घरी जातो. फाटकाकडे चालत गेले."

"गाडी जाताना पाहिलीत?"

"माझं लक्ष आभाळात असतं, मॅडम. ड्रोन हवेत असताना मी जागचा हलूच शकत नाही." तो हळूच म्हणाला, "दाजी वाईट माणूस नाही. ताईला सांभाळून विचारा."

निरीक्षकबाई पुन्हा पडद्यासमोर आल्या. "मागच्या महिन्यांचे नकाशे दाखवा."

ताईने एकेक उघडला. शेड, गाडी, ड्रोन उतरवायची केशरी चटई, आणि चटईशेजारी उभं एक काळं टाळकं.

"हा भुंगा," ताई म्हणाली, आणि रडता रडता तिला किंचित हसू आलं. "सगळ्या नकाशांत असाच उभा सापडतो, खांबासारखा. अण्णा म्हणतात, पूर्वी नकाशावर माझी सही असायची, आता याचं टाळकं असतं."

निरीक्षकबाईंनी कालचा नकाशा परत मागितला. शेड. अर्धी गाडी. केशरी चटई. खडी. बराच वेळ त्या तिथेच बघत राहिल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "सगळेच चला. ड्रोन घ्या."

खाण प्रत्यक्षात भयंकर होती. निरीक्षकबाईंना उंचीची भीती वाटे, आणि हे ठाण्यात कुणालाही माहीत नव्हतं. कड्याजवळ जाताच त्या दोन पावलं मागे सरकल्या. खाली हिरवं पाणी साचलं होतं. बरोबर आलेल्या शिपायांनी त्यात गळ टाकला तेव्हा ताईने डोळे मिटून घेतले. गळ रिकामा वर आला.

"अण्णा!" ती ओरडली. समोरच्या कड्याने तिचाच आवाज परत दिला.

वाटेत एका मोठ्या धोंड्यावर पांढरी फुली रंगवली होती. "ही आमची खूण," ताई म्हणाली. "सगळा नकाशा हिच्यावर बसवतो. ही हलली तर सगळंच हललं."

निरीक्षकबाई वाकल्या. धोंड्याच्या अंगावर ओल्या मातीत पुरल्याचा जुना पट्टा होता, पण तो जमिनीपासून वीतभर वर आणि तिरपा आला होता. फुलीचा रंग मात्र नवा होता.

"ताई, तुम्ही मागचा नकाशा आताच्यातून वजा करता ना?"

"हो. काढलेलं निळं दिसतं, टाकलेलं लाल."

"खाण कालही बंद होती, आजही आहे. म्हणजे कालचा आजच्यातून वजा केला तर काहीच दिसायला नको."

ताईने ड्रोनची पेटी ओढली.

"बॅटऱ्या उतरल्यात, ताई," भुंगा म्हणाला.

"मी सकाळीच भरून ठेवल्यात."

"वाराही आहे. दे, मी उडवतो."

"तुम्ही माझ्याजवळ उभे राहा," निरीक्षकबाई म्हणाल्या.

ड्रोन गुणगुणत वर गेला. ताईने मार्ग आखून दिला आणि हात मोकळे सोडले. तो आपला आपण फिरत राहिला. निरीक्षकबाई आभाळाकडे बघत नव्हत्या. त्या ताईच्या रिकाम्या हातांकडे बघत होत्या.

शेडमध्ये लॅपटॉप उघडला. सगळे मागे गर्दी करून उभे राहिले. वेळ सरता सरेना. खाणीत कुठे अण्णा असतील, तर त्यांना पाणीसुद्धा मिळालं नसेल, हा एकच विचार ताईच्या डोक्यात घुमत होता. शेवटी चित्र उमटलं. सगळी खाण करडी. दोन निळे डाग. दोन लाल डाग.

"हा निळा आणि हा लाल म्हणजे लोडर," ताई म्हणाली. "ठेकेदाराचा. काल इथे उभा होता, आज तिथे आहे."

"सुट्टीच्या दिवशी आपण होऊन चालत गेला का? आणि दुसरा लाल?"

कड्याच्या पायथ्याशी नखाएवढा डाग होता.

"तिथे तर काहीच…" ताई पडद्याजवळ वाकली. "तिथे सुरुंगाच्या दारूची जुनी कोठी आहे. खडकात कोरलेली. कित्येक वर्षं वापरात नाही. या दुसऱ्या निळ्या डागातले दगड उचलून कुणीतरी तिच्या दारातच ओतलेत."

ती धावत सुटली ती थेट लोडरवर चढली. कुणी तिला अडवलं नाही. एक दगड आत ढासळला असता तरी सगळं संपलं असतं. तिने लोडरचं तोंड जराही डगमगू दिलं नाही. एकेक घास उचलावा तसा तिने ढीग बाजूला केला. शेवटचे दगड शिपायांनी हातांनी काढले. लोखंडी दार कुरकुरलं.

आतून खोकल्याचा आवाज आला.

अण्णा जिवंत होते. डोक्यावर रक्त वाळलेलं, ओठ फुटलेले, पण जिवंत. ताई त्यांना बिलगली आणि लहान मुलीसारखी हमसून रडली. रुग्णवाहिका आली. अण्णांना स्ट्रेचरवर घेऊन पाणी पाजलं, ते डोळे मिटून पडून राहिले.

दाजी पुढे झाला. "गाडी माझी आहे, मला कळतंय. पण मी शपथेवर सांगतो—"

"शपथ नको," निरीक्षकबाई म्हणाल्या. "तुम्ही शेडमध्येच होतात. तुमच्यावर मीही संशय घेतला. गाडी तुमची, भांडण तुमचं. पण अर्धी गाडी एवढंच सांगते की गाडी गेली. कोण घेऊन गेलं, ते नकाशात जे नाही त्यावरून कळतं. दर महिन्याला चटईशेजारी एक टाळकं असतं. काल चटई आहे, टाळकं नाही."

सगळ्यांच्या माना भुंग्याकडे वळल्या.

"'ड्रोन हवेत असताना मी हलूच शकत नाही.' माझ्यासारख्या अडाणी बाईला हे पटलं असतं. आत्ता ताईने हात मोकळे सोडले, तेव्हा कळलं की ड्रोनला माणूस लागतच नाही. अण्णा फाटकाकडे गेले, हेही एकट्या तुम्हीच पाहिलंत. आणि लोडर चालवणारे या घरात दोघेच. त्यातल्या एकीने मला फोन केला."

"मी कशाला माझ्या वडिलांना…" भुंगा म्हणाला.

"त्या धोंड्यापायी. कधीतरी लोडरचा धक्का लागून तो सरकला. तुम्ही तपासलं नाहीत, वर नवा रंग फासलात. तेव्हापासून तुमचा प्रत्येक नकाशा सरकलेला. ठेकेदार त्याच्याच भरवशावर खणत घरांखाली पोचला. अण्णांच्या टेपने ते पकडलं. बरोबर?"

भुंग्याचं उसनं अवसान गळालं.

"मला फार उशिरा कळलं," तो म्हणाला. "सांगितलं असतं तर सगळं बंद पडलं असतं. मीच हे सुरू केलं होतं ना! काल त्यांनी लांबून हात करून बोलावलं, मी गाडी काढून गेलो. ते म्हणाले, आज वरची घरं रिकामी करायला सांगतो. मी धरायला गेलो, झटापट झाली, ते डोक्यावर पडले. हलेनात. मला वाटलं, गेले. कोठीत ओढून नेलं आणि दार लावलं. संध्याकाळी परत येऊन दगड टाकले. मी घाबरलो होतो, ताई. मेलेल्या माणसावर टाकतोय असंच वाटलं मला."

निरीक्षकबाई बिनतारी यंत्रावर कड्यावरची घरं रिकामी करायचा हुकूम देत होत्या. ताई भावाजवळ गेली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. घाबरलेला, तिचा धाकटा भाऊ. तो ओक्साबोक्शी रडत होता.

स्ट्रेचरवर अण्णांनी डोळे उघडले.

"मशीनचा आवाज आला," ते म्हणाले. "मी हाक मारली. मशीन थांबलं. मी म्हटलं, भुंग्या, बाळा, मी आहे आत."

त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"मग मशीन पुन्हा सुरू झालं."

ताईचा हात भावाच्या खांद्यावरून खाली आला. ती अण्णांच्या मागोमाग रुग्णवाहिकेत चढली. "ताई," भुंगा म्हणाला. तिने दार आतून ओढून घेतलं.