अकरा दारांची हाळी

मेदेयीन शहरातल्या आमच्या चढावर रस्ता नाही, पायऱ्या आहेत. चारशे बारा. शिवणकामाला जाता-येता मोजल्यात मी. त्यांच्या कडेने अकरा घरं, शेवटचं माझं. मुलगी वर निघाली की प्रत्येक दारातली बाई तिला नजरेने पोहोचवते आणि वरच्या दाराला हाळी देते. दहा वर्षांत एक हाळी चुकली नाही, छाती ठोकून सांगते.

माझा नवरा आर्खिरो हसायचा. बायकांना इथे कोण हात लावतंय, म्हणायचा. पाण्याच्या टाकीपलीकडे दुसऱ्या टोळीची हद्द, तिथे पाय पडला तर मरतो पुरुषच. खरंय. टाकीकडे मी बिनधास्त जाते, तो जात नाही. पण सहाव्या दारासमोर फेर्नेय पहाऱ्याला उभा असायचा, त्याची भीती आर्खिरोला कशी कळणार?

फेर्नेय आमच्याच चढावरच्या टोळीतला. एके दिवशी त्याने माझ्या मुलीचं, दानेलीचं मनगट धरलं. येत्या शुक्रवारी सोडणार नाही, म्हणाला. तिच्या नर्सिंगचा शेवटचा महिना. ती म्हणाली, क्लास सोडते.

"अजिबात नाही," मी म्हटलं. "अकरा जणी आहोत आम्ही."

शुक्रवारी, लख्ख उन्हात, माझ्या नावाने पहिल्या दाराची हाळी आली. "नोएलियाची पोर चढतेय, आणि तिच्यासोबतची!"

सोबतची कोण? दुसऱ्या दारानेही तेच सांगितलं. तिसऱ्यानेही. सहाव्या दारातल्या म्हाताऱ्या ओफेल्मिनाचा आवाज जरा कापला. "दोघी पुढे गेल्या."

मी वाकून पाहिलं. दानेली, आणि मागे एक पायरी सोडून एक बाई, मान खाली घातलेली. पावलं एकीचीच वाजत होती.

दारात दानेली एकटीच आली.

"सोबत कोण होतं गं?"

"कुणी नाही, आई. फेर्नेय पुढे आला, त्याने माझ्या मागे बघितलं आणि भिंतीला चिकटला तो."

माझ्या शेजारून बघणाऱ्या आर्खिरोलाही दानेली एकटीच दिसली होती. आम्हा अकरा जणींना दोघी दिसल्या. ती कोण, हे आम्ही एकमेकींना विचारलं नाही. आपलीच, एवढं पुरे होतं. फार अभिमान वाटला मला.

सोमवारी सकाळी फेर्नेय पायथ्याशी उभा होता. येणाऱ्या प्रत्येक बाईला विनवत होता, "मावशी, वरपर्यंत सोबत करा ना." कुणी थांबलं नाही. पहाऱ्याची वेळ झाली तसा शेवटी तो एकटाच निघाला.

पुरुषासाठी आम्ही कधीच हाळी देत नाही. त्या दिवशी दिली.

"फेर्नेय चढतोय, आणि त्याच्यासोबतची."

दुसरं दार. तिसरं. चौथं. पाचवं.

मग ओफेल्मिना शांतपणे म्हणाली, "ती एकटीच पुढे आली."

मी तिच्यासाठी आमचं दार सताड उघडलं.